डॅन्यूबवरची पहिली रिव्हर क्रूझ: खवय्यांसाठी पास्साउ ते बुडापेस्ट

रिव्हर क्रूझचं माहितीपत्रक उघडलं की केबिनचे फोटो, छतावरच्या खुर्च्या आणि पाच कोर्सचं जेवण दिसतं. खाण्यासाठी निघालेल्या माणसाने त्यातलं एकच पान दोनदा वाचावं: जहाज कुठल्या गावाला किती वाजता लागतं आणि तिथून किती वाजता सुटतं. जहाजावरचं जेवण बहुतेक कंपन्यांकडे चांगलंच असतं, पण शेवटी ते मोठ्या हॉटेलचं जेवण. गावाची चव हवी तर धक्क्यावर उतरावं लागतं आणि त्यासाठी दुपार मोकळी लागते. म्हणून सुरुवातीपासून एक हिशेब मनाशी धरा: न्याहारी आणि रात्रीचं जेवण जहाजावर, दुपारचं गावात. मार्ग, महिना, केबिन, सहली हे सगळं मग त्याभोवती ठरवता येतं.

१. मार्ग: पहिल्या खेपेला पास्साउ ते बुडापेस्ट

सात रात्रींची ही फेरी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी अशा चार देशांतून जाते. नदीवरचे किलोमीटर मुखापासून वर मोजलेले आहेत, त्यामुळे प्रवाहाबरोबर जाताना किनाऱ्यावरचे आकडे उतरत जातात: पास्साउ सुमारे २२२६, लिंत्स २१३५, व्हिएन्ना १९२९, ब्रातिस्लाव्हा १८६९, बुडापेस्ट १६४७. म्हणजे आठवडाभरात जेमतेम ५८० किलोमीटर. अंतर कमी असल्यामुळे गावांत वेळ मिळतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. बव्हेरियाच्या सॉसेज-पावापासून सुरू होऊन ताट हळूहळू पापरिकाकडे, म्हणजे हंगेरीच्या लाल मिरचीपुडीकडे सरकतं. मराठी जिभेला शेवटचे दोन दिवस सगळ्यात जवळचे वाटतात, तेव्हा दिशा हीच ठेवा.

न्यूर्नबर्ग किंवा रेगेन्सबुर्गहून सुरू होणाऱ्या फेऱ्याही भरपूर आहेत. त्यात एक मेख आहे. बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा पट्टा बंधाऱ्याविना मोकळा वाहतो. उन्हाळा कोरडा गेला की तिथे पाणी इतकं उतरतं की प्रवासी जहाजं अडकतात. पास्साउ किंवा फिल्सहोफेनला चढलात तर हा पट्टा मागेच राहतो.

आरक्षणाआधी कंपनीला दोन प्रश्न विचारा. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ या द्राक्षमळ्यांच्या खोऱ्याचा साधारण ३६ किलोमीटरचा टप्पा दिवसाउजेडी पार होतो का? आणि व्हिएन्नात किमान एक पूर्ण दिवस व एक रात्र मुक्काम आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर दुसरी फेरी शोधा.

२. महिना: बाजारात काय आलंय ते पाहून

मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत वाखाउत जर्दाळूची झाडं फुलतात. दिसायला सुरेख, पण ताटात तेव्हा विशेष काही नसतं. एप्रिलच्या मध्यापासून पांढऱ्या अस्पॅरॅगसचा हंगाम सुरू होतो आणि परंपरेने २४ जूनला संपतो. या दिवसांत प्रत्येक रेस्टॉरंटचं वेगळं अस्पॅरॅगस मेन्यूकार्ड असतं. उकडलेले बटाटे आणि लोणी-अंड्याच्या हॉलंडेझ सॉसबरोबर मिळणारं ते ताट शाकाहाऱ्यांसाठी वर्षातलं सर्वोत्तम. (वर हॅम घालतात का, ते विचारा. बऱ्याचदा घालतात.) जुलैत ताजे जर्दाळू येतात, गर्दी आणि उकाडाही येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी, भोपळ्याचं सूप, रानातली पिवळी अळंबी आणि 'श्टुर्म' नावाची अर्धवट आंबलेली नवी वाइन. ती बाटलीत आंबतच असते, म्हणून तिला घट्ट बूच लावत नाहीत. ती तिथेच प्यायची. सामानात ठेवली तर कपडे धुवावे लागतील. ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणाच्या आसपास भाजलेलं हंस, आणि नोव्हेंबरअखेरपासून नाताळबाजार.

निवड करायची तर मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध. नाताळबाजाराच्या फेऱ्या स्वस्त दिसतात, पण त्यांत खाणं मुख्यतः उभ्याने आणि गोड. थंडी सोसत नसेल तर त्या दुसऱ्या खेपेला ठेवा.

३. जहाज आणि केबिन

या जहाजांची रुंदी सुमारे साडेअकरा मीटर असते, कारण माइन-डॅन्यूब कालव्याचे लॉक (जहाजाला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे कप्पे) बारा मीटरचे आहेत. लांबी ११० ते १३५ मीटर, प्रवासी दीडशे ते एकशेनव्वद. ऑस्ट्रियातले लॉक २४ मीटर रुंद आहेत, म्हणून केवळ डॅन्यूबवर चालणारं एखादं दुप्पट रुंद जहाजही दिसतं.

सगळ्यात खालच्या मजल्याची केबिन स्वस्त असते, तिची खिडकी पाण्याच्या जरा वर आणि न उघडणारी. दिवसभर गावात फिरणाऱ्याला ती पुरते. 'फ्रेंच बाल्कनी' म्हणजे सरकतं दार आणि समोर कठडा. उभं राहायला जागा नसते. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी हे लक्षात घ्या की व्हिएन्ना-बुडापेस्टला जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात. तुमच्या बाल्कनीसमोर शेजारच्या जहाजातला कुणीतरी दात घासताना दिसू शकतो. मागच्या टोकाच्या केबिनींत इंजिनाचा आवाज येतो, त्या टाळा. बाल्कनीतून वाचलेले पैसे व्हिएन्नातल्या दोन चांगल्या जेवणांना आरामात पुरतात.

दारूचा हिशेबही इथेच बघा. अनेक कंपन्या दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन-बिअर भाड्यातच देतात. तसं असेल तर वेगळं पेयांचं पॅकेज घेऊ नका, कारण दुपारी तुम्ही जहाजावर नसणार आहात.

४. व्हिसा

चारही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबई-पुण्यात अपॉइंटमेंट मिळेपर्यंतच पंधरा दिवस जातात. दोन-तीन महिने आधी सुरुवात करा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा.

गोंधळ होतो तो अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यावर. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्याच्याकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. या फेरीत तो मान बहुधा ऑस्ट्रियाला जातो. पण शेवटी बुडापेस्टला तीन-चार रात्री जोडल्या तर पारडं हंगेरीकडे झुकू शकतं. कंपनीकडून देशवार रात्रींचा तक्ता लेखी मागून घ्या आणि अर्जाला जोडा. पुढे बेलग्रेडपर्यंत जाणारी फेरी घेत असाल तर सर्बिया शेंगेनबाहेर आहे. परत आत यायचं असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागेल.

५. आहाराचं पत्र: इथे आळस करू नका

आरक्षण करताना फॉर्मवर 'शाकाहारी' एवढीच खूण केली तर पास्ता, रिसोटो, पुन्हा पास्ता असा आठवडा जाईल. निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी कंपनीला स्वतंत्र ईमेल करा आणि त्यात नुसतं नाव न देता यादी द्या: मांस, कोंबडी, मासे नकोत, मांसाच्या पाण्यातलं सूप किंवा सॉस नको, डुकराची चरबी नको, जिलेटिन नको, अंडं केकमध्ये चालतं की अजिबात नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही. गोमांस न खाणाऱ्या मांसाहारींनीही हे पत्र लिहावं.

कारण या स्वयंपाकघरात मांस दिसत नाही तिथेही असतं. भाज्यांच्या सूपचा आधार बहुतेक वेळा गाईच्या हाडांचं पाणी असतं. धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं 'फ्रिटाटेनझुपं' निरागस दिसतं, पण ते गोमांसाच्याच पाण्यात. शिजवलेल्या लाल किंवा आंबट कोबीत डुकराचे तुकडे किंवा चरबी. क्रीमच्या थंड गोडात जिलेटिन. गोमांस टाळणाऱ्यांसाठी मोठी नावं अशी: 'टाफेलश्पिट्स' गाईचं, व्हिएन्नाचं गुलाश बहुधा गाईचं, खरं 'वीनर श्निट्सेल' वासराचं. डुकराचं श्निट्सेल असेल तर मेन्यूवर 'फॉम श्वाइन' असं लिहितात. कोंबडी हवी तर ऑस्ट्रियात 'बाकहेंडल' आणि हंगेरीत 'पापरिकाश चिर्के'.

ऑस्ट्रियातल्या मेन्यूकार्डावर पदार्थापुढे बारीक अक्षरं छापलेली असतात, ती ॲलर्जीची. अंडं न खाणाऱ्यांनी ती पाठच करावीत: 'ए' म्हणजे गहू वगैरे ग्लुटेनची धान्यं, 'सी' म्हणजे अंडं, 'जी' दूध, 'डी' मासे, 'बी' कोळंबी-खेकडे, 'एच' सुकामेवा. 'सी' नसेल तर अंडं नाही. मांसासाठी मात्र अक्षर नाही, कारण ते ॲलर्जीच्या यादीत येत नाही. त्यासाठी तोंड उघडून विचारावंच लागतं. जर्मनमध्ये 'ओने फ्लाइश, ओने श्पेक' म्हणजे मांस आणि बेकनविना. हंगेरीत 'हूश्त नेम एसेम', मी मांस खात नाही. उच्चाराची खात्री नसेल तर फोनवर लिहून दाखवा.

जहाजावर पहिल्या संध्याकाळी रेस्टॉरंटच्या प्रमुखाला भेटा, पत्राची आठवण द्या आणि रोज रात्री जेवताना दुसऱ्या दिवसाचं मेन्यू मागा. स्वयंपाकघराला बारा तास मिळाले की ते स्थानिक शाकाहारी पदार्थ करून देऊ शकतात. फक्त नावाने मागावे लागतात: 'केझेश्पेट्स्ले' (चीजमध्ये घोळवलेल्या पिठाच्या बारीक शेवया), पालकाचे 'क्न्योडेल' (उकडलेले गोळे), अळंबीचं गुलाश. ऐन जेवणाच्या वेळी मागितलं तर पास्ताच येईल.

काही सहल कंपन्या जहाजावर भारतीय आचारी नेतात. वरण-भात मिळाल्याशिवाय झोप येत नसेल तर तो मार्ग उत्तम. पण मग बाकीच्या खटाटोपाची गरज नाही.

६. बॅगेत काय, काय नाही

युरोपीय संघाबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खव्याची बर्फी, साजूक तूप, चीज सगळं बाद. ताज्या फळांनाही बहुतेक करून प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसची पेटी नातेवाइकांसाठी नेण्याचा विचार सोडा. शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, मेतकूट, चिवडा चालतो. तेलकट लोणचं हातातल्या बॅगेत नको.

केबिनमध्ये इंडक्शन, राइस कुकर, पाणी तापवायची कॉइल लावायला सक्त मनाई असते. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी. चहासाठी रिसेप्शनपाशी गरम पाण्याचं यंत्र बहुधा चोवीस तास सुरू असतं.

चालायचे मजबूत बूट घ्या, जुन्या गावांतल्या दगडी फरशीवर गुळगुळीत तळवे घसरतात. रात्रीच्या जेवणाला सूट-टाय लागत नाही. एक बरा सदरा किंवा साधी साडी पुरे.

७. एक दिवस आधी पोहोचा

विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. म्युनिकला आदल्या दिवशी उतरा आणि रेल्वेने पास्साउला या; शहरातून सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. प्रादेशिक गाड्यांसाठीचं दिवसभराचं बायर्न तिकीट दोघा-तिघांना स्वस्त पडतं, पण कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं आणि वेगवान आयसीई गाडीत चालत नाही.

जहाजावर चढायचं साधारण दुपारी तीननंतर. तोवर पास्साउत 'ब्रेत्सेल' (गाठीच्या आकाराचा खारा पाव) आणि 'ओबाट्स्डा' खाऊन घ्या: पिकलेलं कॅमेम्बेर चीज, लोणी, कांदा आणि पापरिका एकत्र कुस्करून केलेला लगदा, बिअरबरोबरचा. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांचं पाणी तीन वेगळ्या रंगांत मिसळताना टोकावरच्या बागेतून दिसतं. ते बघायला वीस मिनिटं पुरतात.

८. गावोगावी

*लिंत्स.* कंपन्या इथून साल्झबुर्गची दिवसभराची सहल विकतात. जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास बसमध्ये आणि जेवण ठरवून दिलेल्या ठिकाणी. खाण्यासाठी आलेल्याने ती सोडावी. मुख्य चौक धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर आहे. लिंत्सर टोर्टं हा नावानिशी नोंदलेल्या सगळ्यात जुन्या केकांपैकी एक. अडमोंट मठातल्या हस्तलिखितातली त्याची कृती १६५३ ची आहे. बदाम किंवा हेझलनटच्या पिठाचा खुसखुशीत तळ, त्यावर लाल करंटचा जॅम, वर जाळी. क्रीमच्या केकची अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल: तो कोरडा असतो, कॉफीबरोबर खायचा, आणि बरेच दिवस टिकतो. घरी न्यायला म्हणूनच सोयीचा.

*मेल्क.* मठ भव्य, पायऱ्या बऱ्याच, जेवण बेताचं. सकाळ इथे जाते. दुपारी सुटलं की छतावर जागा धरा, पुढचे दोन तास केबिनमध्ये घालवायचे नाहीत.

*वाखाउ.* सगळ्या फेरीत खाण्याच्या दृष्टीने वेळ मोजून द्यावा असा हा टप्पा. हे खोरं २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे. जहाज ड्यूर्नस्टाइन किंवा क्रेम्सला लागतं. ड्यूर्नस्टाइनच्या डोंगरावर इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता तो पडका किल्ला आहे. चढायला अर्धा तास. पाय आणि पोट यांत निवड करायची वेळ आली तर पोट निवडा.

इथली वाइन पांढरी: ग्र्यूनर फेल्टलीनर आणि रीसलिंग. बाटलीवर तीन नावांपैकी एक असेल. 'श्टाइनफेडर' सगळ्यात हलकी, अल्कोहोल साडेअकरा टक्क्यांपर्यंत. 'फेडरश्पील' साडेअकरा ते साडेबारा. 'स्मारागड' साडेबाराच्या वर, उन्हात डुलणाऱ्या हिरव्या सरड्याच्या नावाची, दाट आणि महाग. दुपारी फेडरश्पील घ्या. तिखट चटणीबरोबर वाइन पिऊन पाहायची असेल तर रीसलिंग. किंचित फळांची चव असल्याने ती तिखटाला तोंड देते.

द्राक्षमळेवाल्याच्या घरी बसून त्याचीच वाइन आणि थंड खाणं मिळतं त्या जागेला 'बुशनशांक' किंवा 'हॉयरिगर' म्हणतात. सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ मध्ये शेतकऱ्यांना स्वतःची वाइन घरी विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची ही प्रथा. वर्षभर उघडं नसतं. दारावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगलेली असेल तर उघडं, नसेल तर पुढे चला. काउंटरवर जाऊन पाव, चीज, मुळा, लोणची काकडी आणि 'लिप्टाउअर' घ्यायचं. लिप्टाउअर म्हणजे चक्क्यासारख्या ताज्या चीजमध्ये लोणी, कांदा, जिरंसदृश कॅरवे आणि पापरिका, शाकाहाऱ्यांचा आधार. वाइन 'आख्टल' म्हणजे लिटरचा आठवा भाग किंवा 'फीर्टल' म्हणजे पाव लिटर अशी मागतात. सोडा घालून हवी तर 'गश्प्रिट्स्टर'. रोख पैसे जवळ ठेवा, कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही.

आता 'मारिलेनक्न्योडेल'. उकडीच्या मोदकाशी याची नाळ जुळते, फक्त पारी ताज्या चीजच्या किंवा बटाट्याच्या पिठाची आणि सारणाच्या जागी अख्खा जर्दाळू. बी काढून त्या पोकळीत साखरेचा खडा बसवतात, गोळा उकळत्या पाण्यात शिजवतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. चांगला गोळा चमच्याने फोडला की आतून आंबट-गोड रस वाहतो. पारी जाड आणि रबरासारखी लागली तर तो गोठवलेला होता असं समजा. ताज्या फळाचे जुलैतच. इतर महिन्यांत गोठवलेल्या फळांचे करतात, तेही वाईट नसतात. एका ताटात दोन येतात. जेवणानंतर नाही, जेवणाऐवजी खावेत.

*व्हिएन्ना.* जहाज राइशब्र्यूकंजवळ लागलं तर यू-१ मेट्रोचं फोरगार्टनश्ट्रासं स्थानक चालत अंतरावर आहे आणि तिथून थेट श्टेफान्सप्लात्स. नुसडोर्फला लागलं तर यू-४ किंवा डी ट्राम. नकाशावर आधी बघून ठेवा, कारण कंपनीची बस ठरावीक वेळीच सुटते.

सकाळी नाशमार्क्ट. कार्ल्सप्लात्सच्या टोकाला ऑलिव्ह आणि मसाला लावलेले दाणे हातावर ठेवून हाका मारणारे दुकानदार भेटतात; चव घ्या, पण तोलून घेण्याआधी भाव विचारा, तिथला 'थोडासा' पाव किलोचा होतो. केटनब्र्यूकनगासेच्या टोकाला शनिवारी शेतकरी स्वतःचा माल घेऊन बसतात. रविवारी बाजार बंद, आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक सुपरमार्केटही बंद. तुमची व्हिएन्नाची तारीख रविवारी येत असेल तर बाजार दुसऱ्या दिवशी ठेवा.

दुपारी साडेअकरा ते दोन, कामाच्या दिवशी, अनेक साध्या रेस्टॉरंटांत 'मिटाग्समेन्यू' असतं: सूप आणि एक पदार्थ, संध्याकाळपेक्षा बऱ्याच कमी दरात. अडीचनंतर बऱ्याच ठिकाणी चूल बंद होते. 'डुर्खगेएंड वार्मे क्यूखं' अशी पाटी असेल तर दिवसभर गरम मिळतं. टेबलावर ठेवलेल्या पावाच्या टोपलीचे पैसे लागू शकतात.

कॉफीगृहात नुसती 'कॉफी' मागू नका. 'मेलांझ' म्हणजे फेसाळ दूध घातलेली, 'क्लाइनर ब्राउनर' म्हणजे छोटी आणि थोडं दूध, 'आइनश्पेनर' म्हणजे काळी कॉफी ग्लासात आणि वर क्रीमचा थर. बरोबर पाण्याचा ग्लास येतो. ते आल्प्सच्या झऱ्यांचं नळाचं पाणी, शहरभर तेच बाटलीत भरून प्या. एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. झाखरटोर्टंची परंपरा १८३२ ची. तो घट्ट, चॉकलेटच्या जाड आवरणाचा, आत जर्दाळूचा जॅम. बिनसाखरेच्या क्रीमशिवाय तो घशाखाली उतरत नाही, तेव्हा क्रीम बाजूला सारू नका. नामांकित हॉटेलबाहेर लांब रांग असेल तर दुसऱ्या कॉफीगृहातला घ्या; त्या रांगेत तासभर उभं राहण्याइतका फरक चवीत नाही. गरम हवं असेल तर 'कायझरश्मार्न', तव्यावर फाडलेलं जाड गोड धिरडं, आलुबुखारच्या पाकाबरोबर.

बिल देताना टिप टेबलावर ठेवून जात नाहीत. अठ्ठावीस युरो झाले असतील तर पैसे देतानाच 'तीस' म्हणायचं.

*ब्रातिस्लाव्हा.* अर्धा दिवस पुरतो. इथेही युरो चालतो. 'ब्रिंझोव्हे हालुश्की' म्हणजे बटाट्याच्या पिठाचे बारीक गोळे, मेंढीच्या दुधाच्या खारट चीजमध्ये. वर तळलेलं बेकन येतं, नको असेल तर मागवतानाच 'बेझ स्लानिनी' म्हणा. दोघांत एकच ताट घ्या. खसखस किंवा अक्रोडाचं सारण भरलेले 'रोझकी' बांधून घ्या.

*बुडापेस्ट.* इथे फोरिंट. रस्त्यावरच्या चकचकीत खासगी एटीएममधून पैसे काढू नका, बँकेच्या शाखेला लागून असलेलं बघा. यंत्राने 'रुपयांत आकारू का' असं विचारलं तर नाही म्हणा, त्यांचा दर नेहमी महाग असतो.

मोठा बाजार म्हणजे नाद्यवाशारचार्नोक, १८९७ साली उघडलेला, फोवाम चौकात. पेश्ट बाजूच्या धक्क्यांवरून चालत जाता येतं. तळमजल्यावर मागच्या गल्ल्यांत स्थानिक माणसं भाजी घेतात; पापरिका तिथे घ्या, प्रवेशद्वाराजवळच्या कापडी पिशव्यांतली नको. 'एदेश' म्हणजे गोड, 'चीपोश' म्हणजे तिखट. उगम सेगेद किंवा कालोचा लिहिलेला बघा. रंग तेजस्वी लाल हवा, तपकिरी झाली असेल तर शिळी. घरी आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि कढईतल्या तापल्या तेलात थेट टाकू नका: तिच्यात साखर असते, ती क्षणात जळून कडू होते. आच बंद करून घाला.

वरच्या मजल्यावर 'लांगोश' मिळतो: आंबवलेल्या पिठाची तळलेली मोठी पुरी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. एवढाच मागा. सॉसेज-हॅमचे थर चढवलेले पर्याय पर्यटकांसाठी असतात आणि पुरी मऊ पडते. काही जण चरबीत तळतात. शाकाहाऱ्यांनी तेलाचं विचारून घ्यावं.

हंगेरीत 'गुयाश' म्हणून जे येतं ते पातळ सूप. घट्ट रस्सा हवा असेल तर 'प्योर्क्योल्ट' मागा. शाकाहाऱ्यांसाठी 'फोझेलेक', पीठ लावून दाट केलेली एकाच भाजीची आमटीसारखी पातळभाजी, साध्या खाणावळींत मिळते, आणि उन्हाळ्यात आंबट चेरीचं थंड सूप. कोकणात माशांवर वाढलेल्यांनी 'हालास्ले' घ्यावं: कार्प मासा आणि भरपूर पापरिका. गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा किंचित वास असतो आणि कार्पला काटे फार. काटे नको असतील तर 'फोगाश' मागा. शेवटी दोबोश टोर्टा. योझेफ दोबोशने १८८५ मध्ये केला: स्पंजचे पातळ थर, चॉकलेट-लोण्याचं क्रीम, वर कडक कॅरॅमलचा पापुद्रा. पापुद्रा काट्याने दाबू नका, सगळं क्रीम बाहेर येतं. सुरीने आधी तोडून घ्या.

९. बिघडतं कुठे

पाणी. ऑगस्ट ते ऑक्टोबर ते कमी होतं. वसंतात आणि मोठ्या पावसानंतर इतकं वाढतं की जहाज पुलांखालून जात नाही. जून २०१३ मध्ये पास्साउत पातळी १२.८९ मीटरवर गेली होती, आणि सप्टेंबर २०२४ च्या पुरात ऑस्ट्रियातली वाहतूक थांबली. अशा वेळी कंपन्या प्रवाशांना बसने अडथळ्यापलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजावर नेतात. कराराच्या अटींत मार्ग बदलण्याचा हक्क त्यांनी बहुधा राखून ठेवलेला असतो आणि परतावा मिळत नाही. विमा घेण्याआधी हा मुद्दा कशात बसतो ते वाचा. बस निघालीच तर हॉयरिगर चुकेल, तेव्हा व्हिएन्ना-बुडापेस्टचे बेत भक्कम ठेवा.

दुसरं, पहिल्या दोन दिवसांतली खादाडी. न्याहारीला अंडी, चीज, मासे, केक सगळं, अकराला रसपान, मग दुपारी भूकच नसते. न्याहारी अर्धी करा. दुपारी परतणार नसाल तर रेस्टॉरंटला सकाळी सांगा. त्यांचं अन्न वाया जात नाही.

तिसरं, सुटण्याची वेळ. परत चढायची वेळ बहुधा सुटण्याआधी अर्धा तास असते. उतरताना दिलेलं कार्ड परत आल्यावर जमा करा, त्यावरूनच कोण बाहेर आहे हे त्यांना कळतं. धक्क्याचं नाव आणि जहाजाचा फोन नंबर खिशात ठेवा; व्हिएन्ना-बुडापेस्टला जहाज दिवसात जागा बदलूही शकतं.

१०. उतरण्याचा दिवस

आदल्या रात्री बिल चुकतं करा. टिप भाड्यात नसेल तर कंपन्या साधारण माणशी दिवसाला दहा ते पंधरा युरो सुचवतात, पाकीट रिसेप्शनला देता येतं.

जॅम, मध, मोहरी, भोपळ्याच्या बियांचं हिरवंगार तेल हे सगळं सुरक्षा तपासणीत द्रव धरतात, त्यामुळे १०० मिलिलिटरच्या वरचं हातातल्या बॅगेत चालेलच असं नाही. ते आणि बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी. तोकाय असू या हंगेरीच्या गोड वाइनची बाटली अर्ध्या लिटरची येते, दोन आरामात बसतात. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. वाइन आणि जर्दाळूची ब्रँडी मिळून तेवढीच.

केबिन बहुधा नऊपर्यंत रिकामी करावी लागते. विमान संध्याकाळचं असेल तर सामान रिसेप्शनला ठेवा आणि बाजारात शेवटचा लांगोश खाऊन या. विमानतळासाठी देआक चौकातून १००-ई क्रमांकाची थेट बस आहे. तिला शहराचं साधं तिकीट चालत नाही, वेगळं काढावं लागतं.